कळत्या वयांतील मुलांस काय सांगावें?

ज्या विषयाचा उच्चार होतांच वडीलधारी मंडळी वर्तमानपत्राआड तोंड लपवितात आणि लेकीसुना स्वयंपाकघराकडे वळतात, त्या विषयावर आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. वयांत येणाऱ्या मुलामुलींस लैंगिक जीवनाचें ज्ञान कोणीं व केव्हां द्यावें, हा प्रश्न मुंबई-पुण्यापुरताच आहे असा कित्येकांचा समज असतो. परभणी जिल्ह्याची स्थिति पाहिली म्हणजे तो समज टिकत नाहीं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत या जिल्ह्यांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं सुमारें ४८ टक्के स्त्रियांचें लग्न अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच झाल्याचें आढळलें. साऱ्या महाराष्ट्राचें प्रमाण सुमारें २२ टक्के होतें. मुलीच्या लग्नाचें वय अठरा ठरलें तें १९७८ सालीं. दारिद्र्य आहे, ऊसतोडीचें स्थलांतर आहे. तेथें नवराबायकोच्या जोडीसच ‘कोयता’ म्हणून उचल मिळते. हें सारें खरें. परंतु संसार म्हणजे काय हेंच जिला कोणीं सांगितलें नाहीं, ती मुलगी ‘नको’ तरी कशाच्या बळावर म्हणणार? आणि कोवळ्या वयांतील बाळंतपण मातेस व अर्भकास सारखेंच धोक्याचें असतें.

“आमच्या घरीं मुली पदवीधर होऊनच बोहल्यावर चढतात,” असें आमचे वाचक म्हणतील. तथापि पदवी निराळी आणि हें ज्ञान निराळें. एकत्र कुटुंबांत पूर्वीं एखादी आत्या वा थोरली जाऊ नव्या नवरीस दोन गोष्टी कानांत सांगे. पण त्या फार उशिरां, आणि मुलग्यांस तर तेवढ्याही नाहींत. आज ती उणीव खिशांतील मोबाईल भरून काढतो, आणि जें दाखवितो तें विकृत असतें.

हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनीं १९२१ सालीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें आणि १९२७ पासून १९५३ त आपल्या मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. त्यापायीं प्राध्यापकाची नोकरी गेली. १९३४ सालीं अश्लीलतेच्या आरोपावरून खटला झाला, त्यांत त्यांची बाजू बॅरिस्टर आंबेडकरांनीं मांडली. वाचकांच्या शंकांस सरळ उत्तरें देणें, हाच त्यांचा अपराध!

ज्ञानानें मुलें बिघडतील, ही भीति प्रामाणिक आहे, पण ती निराधार आहे. युनेस्कोनें २०१८ सालीं निरनिराळ्या देशांतील संशोधनाचा आढावा घेतला; अशा शिक्षणानें मुलें लवकर त्या वाटेस लागतात असें त्यांत दिसून आलें नाहीं.

मग करावें काय? मुलीस पहिला विटाळ येण्यापूर्वींच आईनें त्याचें कारण सांगावें. ती अशौचाची नव्हे, आरोग्याची गोष्ट म्हणून सांगावी. मुलास त्याच्या शरीरांतील बदल वडिलांनीं वा काकांनीं समजावून द्यावेत, आणि दुसऱ्याच्या इच्छेचा मान राखण्यास शिकवावें. नकोसा स्पर्श नातलगाचा असला तरी तो लपवूं नये, हें लहानपणींच सांगावें. २०१२ चा बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदा नातें पाहून सूट देत नाहीं. आणि मूल तक्रार घेऊन आलें, तर घराण्याच्या अब्रूपेक्षां त्याच्या शब्दास अधिक मोल द्यावें. घराण्याची खरी अब्रू तीच, असें आम्हांस वाटतें.