एक माणूस, एक रुपया : सिकलसेलच्या फेरीसाठी निधी कसा उभारावा?

१९ जून हा जागतिक सिकलसेल दिन. त्या सकाळी वस्तीतून पायी फेरी काढायची असे ठरले की बैठकीत पहिला प्रश्न हमखास येतो, "पैसे कुठून आणायचे?" मग कुणी म्हणते, नगरसेवकाला गाठू. कुणी म्हणते, कोचिंग क्लासवाल्याकडून टी-शर्ट घेऊ, पाठीवर त्याचे नाव छापू. आमचे म्हणणे वेगळे आहे. फेरीचा पैसा वस्तीतूनच, थोडा थोडा, प्रत्येक घरातून यावा.

यामागे साधे कारण आहे. दारात उभे राहून रुपया मागायचा तर तो कशासाठी, हे सांगावेच लागते. एका मोठ्या देणगीदाराला आजार समजावला तर एका माणसाला कळतो. चारशे दारांवर वर्गणी मागितली तर चारशे घरांना कळतो. फेरी एका सकाळी संपते, पण तिच्या आधीचा महिनाभर दारोदार होणारे बोलणे घरात राहते.

हा आजार आपल्या घरातला आहे

विदर्भात सिकलसेल आदिवासी समाजात आहे, तसा आपल्याही समाजात आहे. वॉर्डात ड्यूटी करताना आम्ही हे पाहिले आणि आता वस्त्यांत फिरतानाही पाहतो. हा आजार स्पर्शाने होत नाही, कुणाच्या पापाने होत नाही आणि एकट्या आईकडून तर मुळीच येत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, बाळ नुसते वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण मोकळे असण्याची २५ टक्के असते. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो, म्हणून त्याला स्वतःलाच माहीत नसते. रक्त तपासल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.

आजार असलेल्या मुलाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय, पाठ, छाती असह्य दुखते. पोर रात्री दोन वाजता कळवळून ओरडते. तेव्हा घरात औषध असूनही भागत नाही, दवाखाना गाठावाच लागतो. त्या घडीला घरात ऑटोचे पैसे असतात का? फेरीच्या निधीचा विचार या प्रश्नापासून सुरू करायचा.

आधी ठरवा : पैसा कशाला आणि कशाला नाही

पावतीपुस्तक छापण्याआधी ही यादी तयार करा. जे सरकारकडून हक्काने मिळायचे आहे, त्यासाठी वर्गणी गोळा करू नये. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. २०४७ पर्यंत हा आजार हटवण्याचे उद्दिष्ट सरकारने स्वतःच जाहीर केले आहे. रक्ताची तपासणी, डॉक्टरांनी लिहून दिलेले हायड्रॉक्सीयुरिया, सरकारी रक्तपेढीतले रक्त हे रुग्णाला विनामूल्य मिळाले पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेलचा समावेश आहे. रेल्वेत आणि एसटीत रुग्णांसाठी सवलती आहेत. त्यांच्या अटी स्थानकावर आणि आगारात विचारून घ्या. या गोष्टी मिळत नसतील तर अर्ज करायचा, पाठपुरावा करायचा. आपण वर्गणी काढून औषध विकत घेऊ लागलो, तर औषध का संपले हे कुणी विचारणारच नाही.

निधी लागतो तो मधल्या फटीत. रात्रीचा ऑटो. पोरासोबत आठ दिवस रुग्णालयात बसलेल्या आईची बुडालेली मजुरी. सोबतच्या माणसाचे जेवण. शाळेत नेण्यासाठी पाण्याची मोठी बाटली. हिवाळ्यासाठी स्वेटर आणि कानटोपी, कारण थंडीने त्रास उफाळतो. ताप मोजायला थर्मामीटर. यातले काय आणि किती, हे बैठकीत ठरवून एका कागदावर लिहा. वर्गणी मागताना तोच कागद दाखवा. "समाजकार्यासाठी द्या" म्हटले की माणूस खिसा चाचपतो. "रात्रीच्या ऑटोसाठी द्या" म्हटले की देतो, कारण ती वेळ प्रत्येक घरावर आलेली असते.

टेरी फॉक्सचा डॉलर

चालून किंवा धावून निधी उभारण्याची जगातली सर्वांत मोठी गोष्ट एका तरुण पोराची आहे. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा उजवा पाय १९७७ मध्ये हाडाच्या कर्करोगामुळे गुडघ्याच्या वर कापावा लागला. कर्करोगाच्या संशोधनाला पैसा मिळावा म्हणून १२ एप्रिल १९८० रोजी त्याने कृत्रिम पायाने देश ओलांडायला सुरुवात केली. रोज जवळजवळ ४२ किलोमीटर. सुरुवातीला रस्त्यावर फारसे कुणी नसायचे. मग १०,००० वस्तीच्या एका छोट्या गावाने त्याच्या हाती १०,००० डॉलरहून जास्त रक्कम ठेवली, म्हणजे माणशी एक डॉलर. पुढे त्याने सगळ्या देशाकडे हेच मागितले, प्रत्येक माणसाचा एक डॉलर.

१४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर कर्करोग फुप्फुसात पसरला आणि १ सप्टेंबरला त्याला थांबावे लागले. पण निधी थांबला नाही. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर पैसा जमला. कॅनडाची लोकसंख्याही तेव्हा जवळपास तेवढीच होती. त्याच वर्षी २८ जूनला टेरी गेला, वय अवघे २२. त्याच्या नावाने कॅनडात दरवर्षी होणाऱ्या दौडीला प्रवेश फी नसते. ज्याला जे जमेल ते त्याने द्यावे.

आपल्याकडे मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते. तिथेही धावणारे आपल्या ओळखीच्यांना सांगून संस्थांसाठी मोठा निधी उभारतात. मात्र तिथला पैसा बहुतेक नोकरदारांच्या आणि कंपन्यांच्या ओळखीतून येतो. ठिय्यावर काम मिळेल त्या दिवशी चूल पेटते अशा घरांना टेरीची रीत जास्त जवळची आहे. माणशी एक रुपया कुणालाही जड नाही आणि कुणी लहानमोठा ठरत नाही.

वस्तीला जमतील अशा वाटा

*भिंतीवरचा रस्ता.* विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर मोठा कागद लावा आणि त्यावर फेरीचा रस्ता चौकटी-चौकटींनी आखा. वस्तीत ४०० घरे आणि घरात सरासरी ५ माणसे धरली तर २,००० चौकटी. एक रुपया आला की मुलांनी एक चौकट रंगवायची. कुणाचे नाव नाही, नुसता रंग. रस्ता किती उरला हे येता-जाता सगळ्यांना दिसते आणि उरलेला भाग रंगवण्यासाठी मुलेच घरच्यांच्या मागे लागतात.

*किलोमीटरमागे दोन रुपये.* चालणाऱ्या प्रत्येकाने १० ओळखीची माणसे गाठायची : टपरीवाला, सोबत काम करणारी, मामा, शेजारीण. "मी ३ किलोमीटर चालणार, तुम्ही किलोमीटरमागे २ रुपये द्या." म्हणजे माणशी ६ रुपये. ६० जण चालले तर ३,६०० रुपये होतात. पैसे फेरीनंतर घ्यावेत. चालून दाखवले की मागायला संकोच वाटत नाही.

*खर्रा सोडा, डबा भरा.* हे खास पुरुषमंडळींसाठी. खर्ऱ्याला रोज २० रुपये जात असतील, तर आठवड्यातला एक दिवस खर्रा न खाता ते पैसे डब्यात टाकायचे. चार आठवड्यांत माणशी ८० रुपये. २५ जणांनी मनावर घेतले तर २,००० रुपये जमतात, आणि तोंडाला चार दिवस विश्रांती मिळते ती वेगळी. डबा टपरीवरच ठेवा. टपरीवाला हसेल, पण ठेवू देईल.

*रद्दी आणि भंगार.* फेरीच्या महिनाभर आधी दर रविवारी तरुणांनी हातगाडी घेऊन रद्दी, खोकी, बाटल्या, मोडके लोखंड गोळा करावे. भाव कसा घ्यायचा हे आपल्याच वस्तीतल्या कबाडीवाल्या भावांना सगळ्यांत चांगले कळते. त्यांनाच या कामाचे प्रमुख करा. ज्या घरात रुपया नाही, त्या घरातही जुनी वही असते. तेही घर निधीत सामील होते.

*एक तासाची कमाई.* शिलाई करणारी ताई, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, मेंदी काढणारी पोरगी, शिकवणी घेणारा विद्यार्थी यांनी ठरलेल्या रविवारी एक तासाचे काम निधीसाठी करावे. काम करून घेणाऱ्याने नेहमीचा दर द्यायचा, तो थेट पावतीवर.

*तर्री पोहे.* फेरी जिथे संपते तिथे बचत गटाच्या महिलांनी पोह्यांचा स्टॉल लावावा. प्लेटमागे १२ रुपये खर्च आणि २० रुपये किंमत धरली तर १५० प्लेटींचे १,२०० रुपये उरतात. सामानाचा खर्च आधी वजा करायचा आणि तो गटाला रोख परत द्यायचा. बायांनी फुकट राबावे आणि वर तेलही घरचे घालावे, असे होता कामा नये.

*घरचा कार्यक्रम.* नामकरण, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, सेवानिवृत्ती असेल तर आहेराच्या पाकिटाशेजारी एक डबा ठेवा. शहराबाहेर नोकरीला असलेल्या नातेवाइकांना निधीच्या खात्याचा क्यूआर कोड पाठवा.

दोन गोष्टी टाळाव्यात. एक, लकी ड्रॉची तिकिटे. परवानगीशिवाय सोडत काढणे कायद्यात अडकवते. दुसरी, टी-शर्ट. जमलेला पैसा त्यातच जातो. जुन्या निळ्या-पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या दंडाला बांधल्या तरी फेरी शोभते.

वरच्या चार आकड्यांची बेरीज करून पाहा : २,०००, ३,६००, २,००० आणि १,२०० मिळून ८,८०० रुपये. रात्रीच्या ऑटोला २०० रुपये धरले तर ४४ वेळा एखादे पोर वेळेत दवाखान्यात पोहोचेल. रद्दी, एक तासाची कमाई आणि पाकिटे यात धरलेलीच नाहीत.

कुणाचे दुःख भिंतीवर लावू नका

निधी मागताना आजारी मुलाचा फोटो छापण्याचा मोह होतो. तो टाळाच. आज पोराचा फोटो फलकावर लागला, तर उद्या त्याच्या बहिणीचे स्थळ मोडते. वस्तीत हे घडते, म्हणूनच लोक तपासणीला घाबरतात आणि रिपोर्ट लपवतात. रुग्णाचे नाव फक्त निधी समितीला माहीत असावे. तसेच कुणी किती दिले याची यादीही वाचून दाखवू नये. ५०० देणाऱ्याचे नाव माइकवर घेतले की ५ देणारी बाई पुढच्या वर्षी दार उघडत नाही.

हिशेब मात्र उघडा हवा. प्रत्येकाला पावती, मग रक्कम एक रुपया का असेना. बँकेत वेगळे खाते आणि दोन सह्या, त्यातली एक महिलेची. एकूण जमा, एकूण खर्च आणि शिल्लक दर महिन्याला फलकावर. ज्यांना मदत दिली त्यांची संख्या लिहा, नावे नकोत. संस्था नोंदणीकृत नसेल तर गणेश मंडळे घेतात तशी वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. फेरीच्या रस्त्यासाठी पोलीस ठाण्यात आधीच अर्ज द्या.

फेरीच्या दिवशी

जूनमध्ये विदर्भाचे ऊन अजून उतरलेले नसते. सकाळी ६ ला निघा, ८ च्या आत परत या. दर किलोमीटरला पिण्याचे पाणी ठेवा. सिकलसेल असलेल्या मुलांना फार श्रम, तहान आणि ऊन सोसत नाही. त्यांना पूर्ण अंतर चालण्याचा आग्रह करू नका. ती शेवटच्या टप्प्यावर सामील होतील, किंवा सावलीत बसून चालणाऱ्यांच्या हजेरीवर खुणा करतील. फेरीत कुणाला ताप, छातीत दुखणे, धाप किंवा एका बाजूच्या हातापायात अचानक अशक्तपणा आला, तर वाट न पाहता रुग्णालयात न्या.

आशाताई आणि आरोग्य केंद्राला महिनाभर आधी कळवा आणि फेरी संपते तिथेच रक्ततपासणी ठेवायला सांगा. बोटाच्या थेंबावर पहिली चाचणी होते, आणि ती पॉझिटिव्ह आली तर पक्की तपासणी करावी लागते. लग्न ठरवायच्या वयाची मुले-मुली त्या सकाळी तिथेच असतील. त्यांनी पोह्यांच्या आधी रांगेत उभे राहावे.

तयारीला पाच आठवडे पुरतात. मेच्या दुसऱ्या रविवारी बैठक बोलवा. तीन जण निवडा : एकाकडे हिशेब, एकीकडे घरभेटी, एकाकडे परवानग्या. खर्चाचा कागद त्याच बैठकीत लिहून काढा आणि उठण्याआधी हजर असलेल्या प्रत्येकाचा रुपया डब्यात पडू द्या.