मैलापाणी तुंबल्यास आधी नळ बंद करा, चेंबरमध्ये माणूस उतरवू नका

जुन्या बहुमजली इमारतींत मैलापाणी तुंबले की पहिला फटका तळमजल्याला बसतो. वरच्या मजल्यांचे सांडपाणी एकाच उभ्या पाइपमधून खाली येते. पुढे अडथळा असेल, तर ते सर्वांत खालच्या शौचालयातून किंवा मोरीतून उलटे वर येते. म्हणूनच सर्व मजल्यांवरील पाण्याचा वापर तत्काळ थांबवणे हा पहिला उपाय होय.

त्यानंतर आवारातील चेंबरचे झाकण उघडावे. मात्र आत वाकून पाहू नये. चेंबर रिकामे असल्यास अडथळा इमारतीच्या पाइपमध्ये असतो. भरलेले असल्यास पुढील वाहिनीत. रस्त्याखालील वाहिनी तुंबली असल्यास महापालिकेकडे तक्रार करून यंत्राद्वारे सफाईची मागणी करावी.

घाईपोटी कोणालाही आत उतरवू नये. चेंबरमधील हायड्रोजन सल्फाइड वायूने काही क्षणांत शुद्ध हरपू शकते. सुरक्षा साधनांविना गटारसफाई करवून घेणे २०१३ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. गटारसफाईत मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबीयांना ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला आहे.