'द्युपुई द लोम' : एका आद्य चिलखती क्रूझरची रचना व बांधणी

क्रूझर म्हणजे मुख्य आरमारापासून दूर, बहुधा एकटीनेच संचार करणारी युद्धनौका. शत्रूची व्यापारी जहाजे गाठणे, स्वपक्षाच्या जहाजांचे रक्षण करणे व टेहळणी ही तिची कामे होत. त्यांसाठी वेग हवा आणि कोळशाचा साठाही हवा; चिलखताचे वजन या दोहोंच्याही मुळावर येते. १८७५ मध्ये पाण्यात उतरविलेल्या 'शॅनन' या ब्रिटिश नौकेत हा विरोध पुरता उघड झाला. तिच्या जलरेषेवर नऊ इंच जाडीचा लोखंडी पट्टा होता. वेग मात्र सुमारे बारा नॉट. मोठ्या युद्धनौकांशी झुंजण्यास ती दुबळी आणि पळत्या जहाजास गाठण्यास संथ ठरली. त्यानंतर बहुतेक क्रूझरांतून बाजूंचे चिलखत गळाले. जलरेषेलगत एक आडवी पोलादी डेक घालून तिच्याखाली यंत्रे व दारूगोळा सुरक्षित ठेवावा, वरचा भाग उघडाच राहू द्यावा, अशी तडजोड रूढ झाली.

ही तडजोड १८८५ च्या सुमारास डळमळीत झाली. फ्रान्समध्ये पिक्रिक आम्लापासून बनविलेले मेलिनाइट हे स्फोटक तोफगोळ्यांत भरले जाऊ लागले. असा गोळा नौकेच्या आत फुटला, तर उघड्या भागाची दाणादाण उडे. 'बेलिक्यूझ' या जुन्या फ्रेंच नौकेवर गोळे डागून केलेल्या चाचण्यांतून मात्र एक महत्त्वाची गोष्ट हाती आली. असा गोळा बाहेरच फोडावयाचा, तर त्यासाठी फार जाड चिलखत लागत नाही. सुमारे १०० मिलिमीटरचे पोलाद पुरते. 

प्रश्न येथेच पालटला. किती जाड, याऐवजी किती क्षेत्रावर, असा विचार सुरू झाला. १०० मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पोलादाचे वजन सुमारे ७८० किलोग्रॅम भरते; 'शॅनन'वरील नऊ इंची पट्ट्याचे तेवढेच क्षेत्र सुमारे पावणेदोन टनांचे. म्हणजे तेवढ्याच वजनात दुपटीहून अधिक पृष्ठभाग झाकता येतो. लुई द ब्युसी या अभियंत्याने याच हिशेबावर 'द्युपुई द लोम'चा आराखडा रचला. जलरेषेखालपासून वरच्या डेकपर्यंत आणि नाळेपासून मागच्या टोकापर्यंत तिची सारी बाजू १०० मिलिमीटर पोलादाने मढविलेली होती. आत एक वक्र चिलखती डेक होती. लांबी ११४ मीटर, रुंदी १५.७ मीटर, वजन सुमारे ६,७०० टन. १९४ मिलिमीटरच्या दोन तोफा मध्यभागी, दोन्ही कडांस एकेक, आणि १६४ मिलिमीटरच्या सहा तोफा पुढेमागे तीन-तीन. सर्व फिरत्या मनोऱ्यांत. नांगराच्या फाळासारखी पाण्याखाली पुढे झेपावणारी तिची नाळ पाहून ती टक्कर देण्यासाठीच बांधली असावी असे वाटे. पण वरचे टोक आखूड केल्याने पुढील भागाचे वजन घटे, हा त्यातील लाभ अधिक खरा.

ब्रेस्टच्या गोदीत ४ जुलै १८८८ रोजी नौकेचा कणा घातला गेला आणि २७ ऑक्टोबर १८९० रोजी ती पाण्यात उतरली. येथवर काम वेळेवर झाले. खरी अडचण बॉयलरांनी केली. तीन मळसूत्री पंखे फिरविणाऱ्या तीन एंजिनांना एकूण सुमारे १३,००० अश्वशक्ती हवी होती. तितकी वाफ पुरविण्याचा भार बॉयलरांना पेलेना. १८९२ मध्ये सुरू झालेल्या चाचण्या वारंवार थांबल्या, बॉयलरांत बदल करावे लागले, आणि नौका सेवेत रुजू झाली ती मे १८९५ मध्ये. २० नॉटचा संकल्पित वेग तिला किंचितच हुकला. हातची वर्षे मात्र कायमची गेली. जिच्यावरून तिचे नाव ठेवले गेले, त्या द्युपुई द लोम यांनी 'ग्लुआर' ही पहिली सागरगामी चिलखती युद्धनौका १८५८ ते १८६० या अवधीत सिद्ध केली होती, हे येथे आठवते.

या विलंबापुढे कल्पना मात्र थांबली नाही. मूळ नौका सेवेत येण्यापूर्वीच तिच्या धर्तीवरील 'अमिराल शार्ने' वर्गाच्या चार लहान नौकांची बांधणी सुरू झाली होती. ब्रिटनने चिलखती क्रूझर पुन्हा हाती घेतली ती १८९८ मध्ये, 'क्रेसी' वर्गाच्या रूपाने. तेव्हा क्रुप पद्धतीच्या पोलादामुळे पातळ चिलखतही अधिक कणखर झाले होते. 'द्युपुई द लोम'चे बॉयलर १९०२ नंतरच्या दुरुस्तीत पूर्णपणे बदलले गेले. १९१२ मध्ये ती पेरूला विकण्याचा करार झाला, पण ती तिकडे कधी गेलीच नाही. पुढे एका बेल्जियन कंपनीने तिचे मालवाहू जहाज केले, आणि १९२३ मध्ये ते मोडीत निघाले.