वारस नसलेले वार्धक्य

वृद्धांच्या कल्याणाचा विचार निघाला की शासनाची आणि समाजाची नजर प्रथम घराकडे वळते. मुलगा सांभाळील, सून दोन घास वाढील, हे गृहीत धरूनच सारी व्यवस्था उभी आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने चरितार्थाचा भार टाकला तो मुलांवर. वृद्ध निःसंतान असेल तर ज्याला त्याची मालमत्ता मिळणार त्या नातलगावर. ज्याला मूलबाळ नाही आणि मालमत्ताही नाही, त्याच्यासाठी या तरतुदीत कोणी उरत नाही. समलिंगी व तृतीयपंथी वृद्धांपैकी अनेकांची स्थिती हीच आहे.

१८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द झाले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. त्या दिवशी जो साठीचा होता, त्याचे सारे तारुण्य लपण्यात सरले होते. लपण्याची ती सवय न्यायालयाच्या निकालाने सुटत नाही. शिवाय १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा विवाहांना मान्यता मिळाली नाही. त्यामुळे तीस वर्षे एका चुलीवर जेवलेला सोबती कागदोपत्री परकाच राहिला. तृतीयपंथीयांना २०१४ च्या निकालाने ओळख दिली खरी, पण गुरू-चेल्यांच्या ज्या नात्यावर त्यांचे म्हातारपण विसंबून असते, ते नातेही कोणत्याच अर्जाच्या रकान्यात बसत नाही.

मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्टसारखी संस्था काम करते आहे. एप्रिल २०१३ मध्ये लोकलगाडी डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हा तरुणांना मुंबईची वाट सोपी झाली. डहाणू-तलासरीच्या पाड्यावरचा म्हातारा मात्र ती गाडी पकडून सल्ला घ्यायला जाणार नाही. पावसाळा सरला की घरची धडधाकट माणसे वीटभट्टीवर, बांधकामावर निघून जातात आणि मागे वृद्धच राहतात. अशा पाड्यात दोन म्हाताऱ्या एका छपराखाली राहत असतील, तर त्याचे कोणी फारसे नवलही करणार नाही. अडचण उभी राहते ती त्यांतली एक आजारी पडून रुग्णालयात जाते आणि तिथला कारकून दुसरीला विचारतो, “तुमचे नाते काय?”

म्हणून या भागात समाजकार्य म्हणजे नवे कार्यालय नव्हे. तलाठी, ग्रामसेवक, आशा कार्यकर्ती, रुग्णालयाचा लिपिक हेच इथले समाजसेवक आहेत, त्यांना ते ठाऊक असो वा नसो. या मातीला तशी परंपराही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. वृद्धांच्या बाबतीतही उंबऱ्याशी जावे लागेल, आणि तेही कोण कसा आहे हे न विचारता. याद्या करणे, पाहण्या करणे हे सरकारी उत्साहाचे नेहमीचे रूप इथे घातक ठरेल. छोट्या पाड्यात एकदा नाव फुटले की ते मागे घेता येत नाही.

करता येण्याजोगे बरेच आहे. संजय गांधी निराधार योजनेत तृतीयपंथीयांचा समावेश आहे. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना आहे. २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झालेल्या या साहाय्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये ठेवलेली आहे. रक्कम तुटपुंजीच, पण तीही दाखल्यांवाचून अडते. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात, आणि गावचा शिक्षक साक्षीदार होऊ शकतो. (आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणावर महसूल कायद्याची बंधने आहेत, हे मात्र विसरता कामा नये.) मानसिक आजाराच्या उपचारापुरता आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार २०१७ च्या कायद्याने दिला आहे, तिथेही साधा कागद आणि सही किंवा अंगठा एवढेच लागते.

२०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात केंद्राने याहून पुढची पावले टाकली. शिधापत्रिकेसाठी समलिंगी सोबत्यांना एकाच कुटुंबातले धरावे, बँकेत संयुक्त खाते व नामनिर्देशन यांना आडकाठी नाही, आणि जवळचे नातलग उपलब्ध नसतील तर सोबत्याला मृतदेह ताब्यात घेता यावा, असे कळवण्यात आले. ही पत्रे दिल्लीहून निघाली. रात्री अकरा वाजता ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीशी जो लिपिक बसलेला असतो, त्याच्या टेबलावर त्यांची मराठी प्रत ठेवणे हे जिल्हा प्रशासनाचे एका दिवसाचे काम आहे.