जुनी दुनळी – लेखांक ७ : चोक किती आहे?

गेल्या आठवड्यात आपण चेंबरची लांबी मोजली. आज नळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ.

कोकणात आणि घाटमाथ्यावर शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठेवलेल्या बारा बोअरच्या जुन्या दुनळी अजून पुष्कळ घरांत आहेत. बंदूक रीतसर परवाना करून आजोबांकडून नातवाकडे येते, आणि तिच्यासोबत एक वाक्यही येतं : ‘डावी नळी लांब मारते.’ हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. दोन चापांच्या दुनळीत पुढचा चाप उजवी नळी उडवतो आणि मागचा डावी. पहिला बार जवळच्या सावजावर आणि दुसरा लांब गेलेल्यावर, या हिशेबाने कारागीर उजवी नळी मोकळी ठेवत आणि डावी आवळत. हे आवळणं म्हणजेच चोक. नळीच्या शेवटच्या दीड-दोन इंचांत ती किंचित अरुंद केलेली असते, त्यामुळे छर्रे उशिरा पांगतात.

किती अरुंद? इंचाच्या हजाराव्या भागाला या धंद्यात ‘पॉइंट’ म्हणतात. इंग्रजी पद्धतीत साधारण १० पॉइंटांना पाव चोक म्हणतात, २० म्हणजे अर्धा, ३० म्हणजे पाऊण आणि ४० म्हणजे फुल. तीन ते सहा पॉइंटांच्या नळीला इम्प्रूव्हड सिलिंडर म्हणतात, आणि काहीच फरक नसेल तर ती सिलिंडर. पाव चोक म्हणजे पाव मिलिमीटर, वहीच्या दोन-तीन कागदांच्या जाडीइतका. डोळ्यांनी तो दिसत नाही. तोंडाशी अंगठा लावून ‘फुल आहे’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. लोक नळीचं तोंड मोजतात आणि चोक सांगतात. चोक म्हणजे तोंडाचा व्यास नव्हे. आतल्या नळीचा व्यास आणि तोंडाचा व्यास यांतला फरक. बारा बोअरचा कागदोपत्री व्यास ०.७२९ इंच, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. पण जुन्या नळ्या कागदाप्रमाणे नसतात. समजा दोन बंदुकांचं तोंड बरोबर ०.७०० इंच भरलं. एकीची नळी आत ०.७२९ असेल तर तिचा चोक २९ पॉइंट, म्हणजे जवळजवळ पाऊण. दुसरीची ०.७१० असेल तर फक्त १०, म्हणजे पाव. तोंड तेच, पण बंदुका अगदी वेगळ्या.

म्हणूनच अमेरिकेत प्रचलित असलेली नाण्याची युक्ती फसवी आहे. त्यांचं डाइम हे नाणं १७.९ मिलिमीटरचं, ते तोंडात शिरलं नाही तर नळी फुल चोकची, असं तिकडे पूर्वापार सांगतात. अर्ध्या चोकची पण आतून अंमळ अरुंद असलेली नळीसुद्धा ते नाणं अडवते. तोंडात सरकवायचे पितळी शंकूसारखे गेजही फक्त तोंड मोजतात आणि आतला व्यास गृहीत धरतात. नव्या बंदुकीसाठी ते चालून जातं. ऐंशी-शंभर वर्षांच्या नळीसाठी नाही.

मोजण्याआधी नळीवरचे ठसे वाचायला हवेत. आपल्याकडच्या जुन्या दुनळींत इंग्रजी माल भरपूर आहे. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कलकत्त्याच्या मँटन, रोडा किंवा लायन अँड लायनचं नाव कोरलेलं असलं तरी बंदूक बहुधा बर्मिंगहॅमची असते. ही नावं विकणाऱ्यांची. बंदूक बिजागरीतून उघडा, दोन्ही चेंबर रिकामी आहेत याची खात्री करा, नळीखालचा लाकडी तुकडा काढून नळ्या सुट्या करा आणि चेंबरखालचा सपाट भाग पाहा. तिथे प्रूफ हाउसचे, म्हणजे नळीची ताकद तपासून तिला पास करणाऱ्या संस्थेचे, ठसे असतात.

‘नॉट फॉर बॉल’ असं कोरलेलं असेल तर नळी १८७५ ते १८८७ या काळात प्रूफ झालेली आणि चोक असलेली. १८८७पासून १९५४पर्यंत त्याऐवजी सरळ ‘चोक’ असा शब्द मारत. दोन्ही ठसे चोक आहे एवढंच सांगतात. किती आहे ते सांगत नाहीत. आणि आता नीट लक्ष द्या. शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत १२ आणि त्याखाली इंग्रजी ‘सी’ असतो. हा ‘सी’ चोकचा आहे असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात, दुकानदारसुद्धा. तो चेंबरचा आहे. चोक मुळीच नसलेल्या नळीवरही तो असतो. या एका अक्षराच्या भरवशावर सिलिंडर नळीची बंदूक फुल चोक म्हणून विकली जाऊ शकते.

त्याच जागी आतल्या व्यासाचा आकडाही मिळतो. १९५४पूर्वी तो बोअरच्या भाषेत लिहीत : १२ म्हणजे ०.७२९ इंच, १३ वर १ म्हणजे ०.७१९ आणि नुसते १३ म्हणजे ०.७१०. त्यानंतर सरळ दशांशात. हा व्यास मागच्या टोकापासून नऊ इंचांवर मोजलेला असतो, तेव्हा आपणही तिथेच मोजायचा. भरलेला आकडा ठशापेक्षा बराच मोठा निघाला, तर गंजाचे खड्डे घालवायला कोणीतरी नळी आतून घासली आहे. मग हिशेबात चोक वाढलेला दिसेल, पण भिंत तितकी पातळ झालेली असेल. नळी ठरावीक मर्यादेपलीकडे मोठी झाली तर मूळ प्रूफच बाद ठरतं. अशा वेळी चोकची चर्चा थांबवून बंदूक जाणत्या कारागिराकडे न्यावी.

युरोपातल्या इतर बंदुकांवर ठसे वेगळे. जर्मन नळीवर मुकुटाखाली ‘डब्ल्यू’ असेल तर ती चोकची. इटालियन, स्पॅनिश बंदुकांवर तारे असतात, आणि ते उलटे वाचायचे : एक तारा म्हणजे फुल, दोन म्हणजे पाऊण, तीन म्हणजे अर्धा, चार म्हणजे पाव.

मोजायला डायलचा बोअर गेज किंवा तीन टेकूंचा आतला मायक्रोमीटर लागतो. साधा व्हर्नियर इथे दगा देतो : त्याच्या आतल्या जबड्यांच्या कडा सपाट आणि नळी गोल, त्यामुळे व्यास किंचित कमी भरतो आणि चोक आहे त्याहून जास्त वाटतो. तोंडाच्या कडेला ठेच लागून धातू आत आला असेल तरीही तसंच होतं. म्हणून अगदी कडेला एकदा आणि जरा आत एकदा, आणि प्रत्येक जागी आडवं-उभं दोन्ही मोजावं.

एवढं करून फरक शून्य आला, तर नळ्या कापलेल्या आहेत का ते पाहा. दुनळीच्या नळ्या पुढे जाताना बारीक होत एकमेकींना जवळजवळ टेकतात. तोंडाशी दोघींमध्ये फट असेल आणि ती डाखाने भरलेली दिसली, तर पुढचे काही इंच कधीतरी उडवलेले आहेत आणि त्यांच्याबरोबर चोकही गेला आहे. ‘चोक’ असा ठसा चेंबरखाली मात्र तसाच राहतो. परवानगीशिवाय नळी आखूड करणं शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ६ नुसार गुन्हा आहे. अशी बंदूक विकत घेताना दहा वेळा विचार करा.

मोजमाप झालं तरी शेवटचा निवाडा कागदाचाच, आणि बंदूक काडतूस उडवायला सुरक्षित आहे असं कारागिराने सांगितल्यानंतरच. परवानगी असलेल्या रेंजवर ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, मोठा कागद ताणून लावायचा आणि बार काढायचा. वर्तुळ आधी आखायचं नाही. छिद्रं जिथे सर्वांत दाट तिथे मध्य धरून ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं, आतली छिद्रं मोजायची आणि काडतुसातल्या एकूण छऱ्यांशी ताडायची. काडतुसात २७० छर्रे असतील आणि १८९ वर्तुळात आले, तर ते ७० टक्के, म्हणजे फुल चोक. अर्ध्याला ६०, पावला ५५, इम्प्रूव्हड सिलिंडरला ५० आणि सिलिंडरला ४० टक्के धरतात. एका बारावर काही ठरवू नका. प्रत्येक नळीचे निदान पाच-सहा बार काढून सरासरी घ्या. आणि वापरणार तीच काडतुसं तपासा. या नळ्या फेल्टच्या वॉडसाठी, म्हणजे दारू आणि छर्रे यांच्यामधल्या बुचासाठी, बेतलेल्या होत्या. आजच्या प्लास्टिकच्या कपात छर्रे अधिक एकत्र राहतात, त्यामुळे अर्ध्या चोकची नळी कागदावर पाऊण किंवा फुलसारखी वागू शकते.

हा खटाटोप केवळ हौशीचा नाही. रानडुकरासाठी एकगोळीचं काडतूस घालण्याचा मोह शेतकऱ्याला होतो. वनखात्याची परवानगी ही बाब वेगळीच, पण नळी आवळलेली असेल आणि गोळी तिच्या मापाची नसेल, तर तोंडाशी ताण येऊन नळी फुगू किंवा फाटू शकते. ‘नॉट फॉर बॉल’ हा ठसा त्यासाठीच होता. दोन्ही नळ्यांचा चोक मोजलेला नसेल आणि काडतूस बनवणाऱ्याने त्या चोकसाठी हिरवा कंदील दाखवलेला नसेल, तोवर या बंदुकीत एकगोळी घालू नये.

पुढच्या लेखांकात नळीच्या भिंतीची जाडी.