वाचनालय ते अभ्यासिका: जळकोट परिसरातील सार्वजनिक ग्रंथालय

लातूर जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, नांदेड जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेला जळकोट हा बालाघाटाच्या डोंगररांगांतील तालुका असून, येथील शेती मुख्यतः कोरडवाहू आहे आणि वाड्या-तांड्यांवरील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी गाव सोडतात. अशा मुलखात सार्वजनिक ग्रंथालयाचे काम शहरातल्यापेक्षा वेगळे असणे स्वाभाविक आहे. ग्रंथालयशास्त्रात जात, धर्म, लिंग वा शिक्षण यांचा भेद न करता सर्वांना खुल्या असलेल्या ग्रंथसंग्रहाला सार्वजनिक ग्रंथालय म्हणतात. महाराष्ट्रात मात्र या संज्ञेखाली येणाऱ्या बहुतेक संस्था गावातल्याच मंडळींनी स्थापन केलेल्या, नोंदणीकृत विश्वस्त मंडळामार्फत चालणाऱ्या आणि शासनाच्या सहायक अनुदानावर उभ्या असलेल्या आहेत.

या रचनेमागे दोन भिन्न परंपरा आहेत. ब्रिटिश अमलाखालील महाराष्ट्रात रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 मध्ये आणि नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 मध्ये सुरू झाले. मराठवाडा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि पुढे ‘गश्ती निशाण 53’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फर्मानाने सार्वजनिक सभेला पूर्वपरवानगीची अटही घातली. परभणीचे गणेश वाचनालय 1901 मध्ये आणि हैदराबादचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1922 मध्ये उभे राहिले ते या वातावरणात. जेथे सभा भरवणे अवघड होते आणि शाळेत मराठीला दुय्यम स्थान होते, तेथे चार वृत्तपत्रे आणि एक कपाट असलेली खोली हीच मराठी वाचणाऱ्या माणसांची एकत्र येण्याची जागा ठरली. मराठवाड्यातील ग्रंथालयाची पहिली भूमिका भाषा टिकवण्याची होती, आणि तिची दखल राज्याच्या ग्रंथालय इतिहासात जितकी घेतली जायला हवी तितकी घेतली गेलेली नाही.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर 1955 मध्ये हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1967 मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम संमत झाला. देशातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच केला होता, त्यामुळे मराठी भूमीला ही कल्पना नवी नव्हती. परंतु 1967 च्या कायद्याने ग्रंथालय उपकर, म्हणजे मालमत्ता करासोबत केवळ ग्रंथालयांसाठी वसूल केली जाणारी रक्कम, स्वीकारला नाही. शेजारच्या कर्नाटकाने 1965 च्या कायद्यात तो स्वीकारला. परिणामी जळकोटशेजारच्या उदगीरपासून जवळच असलेल्या बिदर जिल्ह्यात ग्रंथालय हे शासकीय खाते आहे आणि त्याच्यामागे उपकराचा आधार आहे, तर सीमेच्या अलीकडे जळकोट-उदगीर भागात ते गावकऱ्यांच्या उत्साहावर आणि अनुदानाच्या हप्त्यावर चालते.

अनुदानाचे नियम 1970 चे आहेत. त्यांनुसार ग्रंथालये जिल्हा, तालुका आणि इतर अशा प्रकारांत व अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागली जातात, आणि वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, वर्गणीदार सभासद, दैनिके व नियतकालिके, कामाचे तास यांवरून. खेड्यातले ग्रंथालय बहुधा ‘क’ किंवा ‘ड’ वर्गात असते. तपासणी अधिकारी येतो तेव्हा तो प्रथम दाखल नोंदवही मागतो. संग्रहात आलेल्या प्रत्येक ग्रंथाला क्रमांक देऊन लेखक, शीर्षक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत आणि बिलाचा तपशील ज्या जाड, रेघा आखलेल्या वहीत लिहिला जातो, तिला हे नाव आहे. त्याच क्रमांकाचा शिक्का ग्रंथाच्या आतल्या पानांवर असतो, आणि वहीतला शेवटचा क्रमांक व कपाटातली पुस्तके यांचा मेळ बसला की संग्रह खरा मानला जातो. देवघेव नोंदवहीत कोणते पुस्तक कोणी केव्हा नेले याची नोंद असते. संस्थेचे सारे अस्तित्व या वह्यांत सिद्ध करावे लागते, आणि ते योग्यही आहे: 2012 मध्ये झालेल्या राज्यव्यापी पडताळणीत कागदावरच चालणारी अनेक ग्रंथालये उघडकीस आली होती.

अडचण अशी की या वह्यांत आजचा मुख्य वाचक दिसत नाही. पूर्वी सकाळी दैनिक चाळणारी वडीलधारी मंडळी आणि संध्याकाळी कादंबरी बदलून नेणारे सभासद हा ग्रंथालयाचा नित्याचा वाचकवर्ग होता. बातम्या मोबाइलवर आल्या आणि त्यातला पहिला वर्ग विरळ झाला. त्याच सुमारास स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण ग्रंथालयात येऊ लागले. पोलीस भरती, तलाठी भरती, राज्यसेवा अशा परीक्षांसाठी बसणाऱ्या मुलांना दोन खोल्यांच्या घरात, लहान भावंडे आणि दूरचित्रवाणी यांच्या गोंगाटात शांत जागा मिळत नाही. लातूरसारख्या शिकवण्यांसाठी प्रसिद्ध शहरात खासगी अभ्यासिकेचे महिन्याचे शुल्क द्यावे लागते, वर खोलीभाडे आणि खाणावळ. गावातल्या ग्रंथालयात टेबल, खुर्ची, पंखा आणि दिवा मिळाला तर तो खर्च वाचतो. अशा अभ्यासिकेत बसणारी मुले आपली पुस्तके आपणच आणतात. ग्रंथालयाकडून त्यांना हवी असते जागा, वीज, पिण्याचे पाणी आणि दार उघडे राहण्याचे तास. दैनिक मात्र तीही वाचतात, फक्त वेगळ्या रीतीने: अग्रलेख आणि शासकीय योजनांच्या बातम्या वहीत टिपून घेत.

मुलींच्या दृष्टीने ही जागा अधिक मोलाची आहे. शिक्षणासाठी लातूर वा पुण्याला पाठवायला घरचे तयार नसलेल्या मुलीला गावातल्या ग्रंथालयात जायला मात्र परवानगी मिळते. तेथे स्वतंत्र बसण्याची सोय आणि स्वच्छतागृह नसेल, तर ती परवानगी कागदावरच राहते. या दोन सोयींना अनुदानाच्या निकषांत ग्रंथसंख्येइतके महत्त्व मिळायला हवे.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी शेवटचे सूत्र ग्रंथालय ही वाढती संस्था आहे असे सांगते. वाढ म्हणजे केवळ कपाटांची भर नव्हे, असा त्याचा अर्थ येथे घेतला पाहिजे. तरीही अभ्यासिका म्हणजेच ग्रंथालय असे समीकरण मान्य करता येणार नाही. परीक्षार्थी परीक्षा संपली की जातो. कथा-कादंबऱ्या, चरित्रे आणि बालसाहित्य यांचा वाचक तयार व्हायला वर्षे लागतात. एप्रिल 2022 मध्ये उदगीरला 95 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा या सीमाभागाची साहित्याविषयीची ओढ राज्याला दिसली. त्या ओढीला बारमाही खतपाणी घालण्याचे काम गावोगावच्या देवघेव विभागानेच करायचे आहे.

तांड्यांचा प्रश्न याहून कठीण आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते, आणि त्या महिन्यांत मुलाच्या हाती पुस्तक येत नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1910 नंतर उभारलेल्या ग्रंथालय व्यवस्थेत पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत असत. तीच युक्ती टोळीच्या मुकादमामार्फत किंवा साखर कारखान्याच्या तळावर वापरता येईल. तिला मोठा खर्च लागत नाही, जबाबदारी घेणारा माणूस लागतो.

माणूसच टिकत नाही, हे या व्यवस्थेचे खरे दुखणे आहे. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला दहा वर्षे वार्षिक 30,000 रुपये अनुदान मिळत होते. 2022-23 मध्ये 60 टक्के वाढ होऊन ते 48,000 रुपये झाले. त्यातली निम्मी रक्कम वेतनासाठी धरली, तर ग्रंथपालाला महिन्याला 2,000 रुपये येतात. एवढ्यावर दिवसभर दार उघडे ठेवण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. जळकोट परिसरातून शिकून पुणे, मुंबई वा हैदराबादेत स्थिरावलेल्या प्रत्येकाने आपल्या गावच्या ग्रंथालयाचे आजीव सभासदत्व घ्यावे, आणि गावी गेल्यावर ते उघडे आहे की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे.