वायगावची हळद आणि उपाशी मेंदू

वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यातील कुर्क्युमिन प्रयोगशाळेत प्रभावी ऑक्सिडीकरणरोधक ठरते. मग कुपोषित बालकाच्या मेंदूचे रक्षण ते करील काय?

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू त्याला २० टक्के लागतो. या ज्वलनातून निर्माण होणारे मुक्तकण मेंदूतील स्निग्ध द्रव्यांना इजा करतात. त्यांना आवरणारे ग्लुटाथायोन शरीर स्वतःच तयार करते, तेही प्रथिनांतील अमिनो आम्लांपासून. ताटात डाळच नसेल, तर ते घडणार कशातून? सोबतीच्या विकरांनाही जस्त, तांबे, सेलेनियम हवे असते. हळद ही उणीव भरून काढत नाही. शिवाय कुर्क्युमिन आतड्यांतून फारच थोडे शोषले जाते. मलावी देशात २,०००हून अधिक बालकांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑक्सिडीकरणरोधकांच्या पुरवणीने सुजेचे कुपोषण टळले नाही.

म्हणून आधी तुरीचे घट्ट वरण, जवसाची चटणी, शेवग्याचा पाला, अंडे. चिमूटभर हळद वरणात पडतेच, तेवढी पुरे. बालकाच्या पायांवर सूज दिसली, तर मात्र काढ्यांत दिवस न दवडता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.